दिवसभराची टिकटिक

“आधी ऐकायचं, मग उघडायचं. घाई केली की घड्याळ रुसतं.”

नवऱ्याचं हे सांगणं तिच्या इतकं अंगवळणी पडलं होतं, की तो जाऊन आठ महिने झाले तरी कुठलीही बंद डबी हातात आली की ती आपसूक कानाशी जाई. तो घड्याळं दुरुस्त करायचा. त्याच खोलीत, खिडकीपाशी बसून ती छापखान्यासाठी पुस्तकं टाइप करायची.

आज पाचपर्यंत पुस्तक पाठवायचं होतं आणि भर दुपारी कॉम्प्युटरने हात टेकले. डिस्क भरली होती. शेवटची चाळीस पानं काही केल्या सेव्ह होईनात. तिने धाकट्या दिराला फोन लावला.

“वहिनी, सगळं आकाराप्रमाणे लाव. घरात सर्वांत जास्त जागा कोण अडवून बसलंय, ते वर येईल.”

“मग तुमचंच नाव येईल, भाऊजी.”

“टोमणे नंतर. काय दिसतंय?”

“‘तपासणी’ नावाचं फोल्डर. पाऊण डिस्क त्यानेच खाल्लीये. बाहत्तर रेकॉर्डिंगं, एकेक दिवसभराचं.”

“दादाची आहेत. दुरुस्त झालेलं घड्याळ दिवसभर रेकॉर्ड करायचा, मधे कुठे अडखळतं का ते बघायला. काढून टाक. टिकटिकच तर आहे! आणि कचरापेटी रिकामी कर, त्याशिवाय जागा सुटायची नाही.”

फोन ठेवून तिने बोट ‘डिलीट’च्या बटणावर नेलं आणि तिथेच थांबली. आधी ऐकायचं.

तिने शेवटचं रेकॉर्डिंग लावलं. टिक, टिक, टिक. पडदा हलला, उजेड जमिनीवर पाण्यासारखा पसरला. टिकटिकीच्या मागून कुणीतरी हळू आवाजात प्रार्थना म्हणत होतं. ती स्वतःच! मग कपबशीचा किणकिणाट, त्याचं खोकणं, “चहा गार होतोय हो” अशी तिचीच हाक. आपलं घर दुसऱ्या कुठल्या तरी घरातून ऐकू यावं, तसं वाटलं तिला. आज कोणता वार, हेही क्षणभर आठवेना.

तिने रेकॉर्डिंग शेवटाकडे सरकवलं. त्याचा आवाज आला, अगदी शेजारून.

“निवृत्त नर्सबाईंचं गजराचं घड्याळ. दिवसभरात एक सेकंदही मागे नाही. गुरुवारी मी स्वतः आणून देईन, असा शब्द दिलाय.”

तो गुरुवार त्याच्या वाट्याला आलाच नव्हता.

तिने यादी पुन्हा पाहिली. एकाहत्तर नावांपुढे त्याने ‘पोचलं’ लिहिलं होतं. या एकापुढेच काही नव्हतं. उठून तिने कपाट उघडलं. मऊ फडक्यात गुंडाळलेलं, पत्त्याची चिठ्ठी बांधलेलं घड्याळ मागच्या कोपऱ्यात तसंच होतं.

ती परत खुर्चीत बसली. जी पोचली, त्यांची टिकटिक त्यांच्या त्यांच्या घरी चालू असेल. ती आपण कशाला अडवून ठेवायची? पण त्या एकाहत्तर दिवसांतही त्याचं खोकणं असणारच. तिने डोळे मिटले, देवाचं नाव घेतलं आणि ते दिवस पुसले. कचरापेटी रिकामी केली. एक तेवढं ठेवलं.

पानं सेव्ह झाली. पुस्तक गेलं.

मग तिने घड्याळाला किल्ली दिली आणि कानाशी धरलं. चालत होतं. आज मंगळवार. गुरुवारची वाट बघायची नाही, असं मनाशी म्हणत तिने ते पदराखाली घेतलं, चिठ्ठीवरचा पत्ता पुन्हा एकदा वाचला आणि आवाज न करता दार ओढून घेतलं.