तंबाखूच्या बरणीतली सफरचंदाची फोड

मी बरणी. चिनी मातीची, रंगानं तपकिरी, गळ्यापाशी पांढरा पट्टा आणि पोट जरा एका अंगाला कललेलं. हसू नका, मित्रांनो. भट्टीत शेजारची बरणी माझ्या अंगावर रेलली आणि मी जन्माची वाकडी झाले. कुंभारानं मला बाहेर काढलं, दोनदा फिरवून बघितलं आणि "चालेल" एवढंच म्हणून मागच्या फळीवर ठेवून दिलं. या वाकडेपणामुळे माझं झाकणही एकाच बाजूनं बसतं. चुकीच्या बाजूनं लावलं तर डुगडुगतं. बरोबर लावलं की मात्र वारासुद्धा आत शिरायचा नाही. माझ्यात गुण म्हणावा तो हा एवढाच, आणि त्याचा मला गर्व होता, खोटं कशाला बोलू.

दुकानात मी कितीतरी महिने धूळ खात होते. येणारा जाणारा सरळ बरण्या उचलायचा, माझ्याकडे बघून नाक मुरडायचा. मग एका दुपारी एक बाई आली. ती दवाखान्यात कंपाउंडर होती, औषधं मोजून पुड्या बांधायची. तिनं मला उचललं, झाकण काढलं आणि सरळ नाक आत घातलं.

दुकानदार म्हणाला, "अहो बाई, बरणी आहे ती. फूल नाही."

"म्हणूनच बघतेय," ती म्हणाली. "तंबाखू मुरवायचीय मला. आधीचा कसलाही वास नको."

अशी मी तिच्या घरी आले. घर म्हणजे चष्म्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत तिच्या नवऱ्याचं काम चालायचं. तो बुकबाइंडर. पुस्तकं दाबायचा लोखंडी शिकंजा, दोऱ्याची रिळं, कापडाचे तुकडे आणि स्टोवर कायम शिजत असलेला सरस. या सरसाच्या वासानं त्याचं नाक कधीच मेलं होतं. दूध करपलं तरी त्याला पत्ता लागायचा नाही. कंपाउंडरबाईचं नाक मात्र भलतं तिखट. दवाखान्यातून आल्याआल्या जिन्यातूनच सांगायची, की खाली चष्मेवाल्यानं आज नवा साबण आणलाय.

ती स्वतः ओढत नव्हती. पाइप ओढायचा तो बाइंडर. पण त्याची बाजारातली तंबाखू पेटली की जुनी पोती जळल्यासारखा वास यायचा. "ओढणं सोडणार नाही म्हणता ना? मग निदान घराला बरा वास तरी येऊ दे," असं म्हणून तिनं हे काम अंगावर घेतलं आणि पुढची बत्तीस वर्षं सोडलं नाही.

तिची रीत सांगते. रविवारी दुपारी टेबलावर जुनं वर्तमानपत्र अंथरायचं. त्यावर तीन प्रकारची पानं. एक पिवळं, गोडसर. एक काळं, वाफवून दाबलेलं. आणि एक तपकिरी, ज्याला स्वतःची चव अशी काही नाही, पण बाकीच्यांना धरून ठेवतं. त्याला ती मोठी जाऊ म्हणायची. पहिल्यांदा सगळं दवाखान्यातल्या छोट्या तराजूवर मोजायची आणि मग तराजू बाजूला सारून नाकानंच ठरवायची. पानं बोटांनी मोकळी करायची, मधाचं कोमट पाणी शिंपडायची, व्हॅनिलाचे चार थेंब, वाळवलेल्या संत्र्याच्या सालीचा किस. आणखी एक काहीतरी असायचं, ते आमच्याकडे पाठ करून घालायची. बाइंडर विचारायचा, "काय गं ते?" ती म्हणायची, "तुम्हाला सांगून उपयोग काय? नाक कुठाय तुम्हाला?"

मग सगळं माझ्या पोटात. तीन आठवडे झाकण उघडायचं नाही. बाइंडरला दम धरवायचा नाही. तो माझ्याभोवती घुटमळायला लागला की आतून आवाज यायचा, "अहो, हात लावू नका. मुरतेय ती, पळून जात नाही." आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मला कधी रिकामं करायचं नाही. तळाशी मूठभर जुनी राहिलीच पाहिजे, विरजणासारखी, त्यावर नवी. म्हणून मला त्या घरात कधी पाणी लागलं नाही. आल्या दिवशीची पहिली मूठ, तिच्यावरची दुसरी, तिसरी, असं सगळं माझ्या तळाशी होतं.

गंमत अशी, की मेलेल्या नाकाच्या बाइंडरला जगात फक्त हा एकच वास यायचा. झाकण निघालं की तो हातातली सुई खाली ठेवायचा. पुस्तकं शिवून घ्यायला येणारे लोक दारातच थांबून म्हणायचे, "वा, काय सुंदर वास आहे हो." तेव्हा मी अशी फुगायचे, की माझं वाकडं पोटही मला सरळ वाटायचं.

त्यांना एक मुलगी होती. नाक आईचं घेऊन आलेली. लहानपणी ती शिकंज्याखाली बसून वहीच्या कातरणांशी खेळायची आणि आई बरणी भरायला लागली की पळत यायची. पण मोठी झाली, शाळेत विज्ञान शिकवायला लागली आणि घरी आली की आधी खिडक्या उघडायला लागली. एकदा तिनं बापाला स्पष्टच सांगितलं, "बाबा, ओढता तुम्ही. पण धूर तुमच्याइतकाच आई घेते." बाइंडर हसला. आईसुद्धा म्हणाली, "अगं, मला सवय आहे."

सवयच ती. मग खोकला आला. आधी जिना चढताना, मग पुड्या बांधताना, मग नुसतं बसल्या जागी. तिनं शेवटची भरलेली तंबाखू माझ्या पोटात मुरत होती तेव्हा तिला इस्पितळात नेलं. सहा महिने झाले आणि ती गेली. नेमकं कशामुळे ते सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. मुलीला डॉक्टरांनी सांगायची गरज नव्हती. ती माझ्या फळीसमोर उभी राहिली आणि आवाज न चढवता म्हणाली, "आईला या बरणीनं खाल्लं."

मित्रांनो, काय सांगू तुम्हाला. मला तडा गेला असता तर बरं झालं असतं. धूर पाइपचा होता, हे खरं. पण तो गोड कुणी केला, घरभर हवासा कुणी केला? ज्या वासावरून मी फुगत होते, तोच वास ती बत्तीस वर्षं श्वासातून घेत होती. मी अजूनही विचार करते, पण मला कुणी निर्दोष म्हणावं असं मला वाटत नाही.

बाइंडरनं त्याच दिवशी पाइप टाकून दिला. खरंच टाकून दिला, पुन्हा कधी शिलगावला नाही. मला मात्र त्यानं टाकू दिलं नाही. "एवढी राहू दे," तो म्हणाला. "तिच्या हातची शेवटची आहे." मी तेव्हा अर्धी भरलेली होते.

मुलगी म्हणाली, "ठेवा. पण माझ्यासमोर त्या बरणीचं नाव काढायचं नाही."

त्यानं मान डोलावली आणि शब्द पाळला. फार पाळला.

त्यानंतर दर रविवारी तो शिकंज्याजवळच्या स्टुलावर बसायचा, मला मांडीवर घ्यायचा आणि झाकण उघडून नाक आत घालायचा. ओढायची नाही, हात लावायचा नाही, नुसता वास. कधी म्हणायचा, "कंपाउंडरीणबाई, आज शब्दकोश शिवला बघ, हा एवढा जाड." मग झाकण लावायचा, बरोबर बाजूनं, दोनदा तपासून. पण जी गोष्ट त्याला कळत नव्हती ती मला कळत होती. प्रत्येक रविवारी ती थोडी थोडी बाहेर जात होती. हवा आत येत होती, ओल उडत होती. दीड वर्षात पानं इतकी वाळली की मला हलवलं तर आत कुरकुरायचं.

एका रविवारी त्यानं नाक आत घातलं आणि तसाच बसून राहिला. पुन्हा घातलं. वास उरला होता, पण अगदी थोडा. म्हातारा घाबरला. घरात तिच्या हातचं लिहिलेलं काही आहे का म्हणून त्यानं सगळी कपाटं उपसली. जन्मभर लोकांच्या वह्या शिवल्या, पण बायकोचं प्रमाण लिहायला एक पान कधी दिलं नाही. सापडणार काय?

मग त्याला तिचा एक उपाय आठवला. तंबाखू वाळली की ती सफरचंदाची एक पातळ फोड वर ठेवायची आणि झाकण लावायची. पानं फोडीतली ओल पितात, पुन्हा मऊ होतात, वास परत येतो. संध्याकाळी ठेवायची आणि सकाळी न विसरता काढायची. त्यानं सफरचंद आणलं. फोड कापली. आणि जास्त ओल मिळावी म्हणून चांगली बोटभर जाड कापली. अति तेथे माती म्हणतात, ते काय उगाच? झाकण लावून त्यानं मला थोपटलं.

सकाळी त्याला उठवेना. अंगात ताप, पाय लटपटत होते. खालच्या चष्मेवाल्यानं मुलीला फोन केला. ती शाळा सोडून धावत आली, त्याला स्वेटर घातला, आपल्या घरी न्यायला हाताला धरून दाराशी आणलं. दारात तो थांबला आणि माझ्याकडे बघितलं. त्याचे ओठ हलले.

"काय झालं बाबा? काही राहिलंय का?"

त्यानं मुलीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"नाही," तो म्हणाला. "काही नाही. चल."

दुसऱ्या दिवशी फोड तपकिरी झाली. तिसऱ्या दिवशी माझ्या आतल्या अंगाला घाम फुटला. घट्ट झाकणाचा मला केवढा गर्व होता, पण तेच झाकण आता ती ओल बाहेर जाऊ देईना. चौथ्या दिवशी फोडीच्या कडेला पहिला पांढरा ठिपका आला.

पाचव्या दिवशी जिन्यात पावलं वाजली. मुलगी होती. बापाचा वाचायचा चष्मा आणि दोन सदरे न्यायला आली होती. तिनं ते पिशवीत घातले आणि निघता निघता माझ्यासमोर थांबली. कितीतरी वेळ थांबली. मग हात वर करून तिनं माझ्या झाकणावर ठेवला. उघड गं बाई, मी म्हणत होते. मला शिव्या दे, फोडून टाक, पण आधी उघड. अजून फक्त वरचा थर गेलाय, तळाची सगळी शाबूत आहे. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो मला त्या दिवशी कळला. तिनं हात काढून घेतला, कुलूप लावलं आणि गेली.

बाइंडर दहाव्या दिवशी परत आला. त्यानं पायांतले बूटसुद्धा काढले नाहीत. थेट फळीशी आला, झाकण उघडलं, नाक आत घातलं.

"तापानं उरलंसुरलं नाकही गेलं वाटतं," तो म्हणाला. "काहीच येत नाहीये."

मग त्यानं आत बघितलं. पांढरी, मधूनमधून हिरवट बुरशी वरपासून तळापर्यंत उतरली होती. तळाची मूठही तिनं सोडली नव्हती. तो स्टुलावर बसला आणि माझं झाकण हातात धरून राहिला.

मुलगी मागे उभी होती. तिनं मला त्याच्यासमोरून उचललं. तिनंही नाक आत घातलं. बुरशीचा वास इतका उग्र होता, की दुसरं कुणी असतं तर तोंड फिरवलं असतं. तिनं डोळे मिटले.

"आहे, बाबा," ती हळूच म्हणाली. "अगदी खाली. आईच्या हाताला यायचा ना, तो." आणि ती रडायला लागली. आई गेल्यापासून तिला रडताना मी पहिल्यांदा पाहिलं.

मग डोळे पुसून तिनं विचारलं, "फोड ठेवली होतीत?"

"एका रात्रीपुरती. सकाळी काढणार होतो."

"मग मला सांगायचं ना. मी आले होते इथं. पाचव्या दिवशी. अगदी इथंच उभी होते."

"तू चिडली असतीस," बाइंडर म्हणाला.

"चिडले असते," ती म्हणाली. "खूप चिडले असते. आणि काढली असती."

त्यानं जुनं वर्तमानपत्र अंथरलं. दोघांनी मिळून ते सगळं कागदात गुंडाळलं आणि बाहेर नेऊन टाकलं. मग मोरीत बसून त्यानं मला धुतलं. एकदा साबणानं, दोनदा गरम पाण्यानं. मुलगी वरून पाणी ओतत होती. ती शेवटची तंबाखू गेली आणि तिच्याबरोबर ते प्रमाणही गेलं. आता ते कुणालाच येत नाही.

आता मी मुलीच्या घरी असते. बाइंडरही तिच्याकडेच राहतो. माझ्या पोटात तिचे खडू असतात. काम हलकं आहे, तक्रार नाही.

मित्रांनो, तंबाखूच्या वाटेला जाऊ नका. तिचा गोड वाससुद्धा कुणाच्या तरी छातीत जाऊन बसतो, हे माझ्याइतकं कुणी सांगू शकणार नाही. आणि माझं आणखी एक मागणं आहे. ज्या गोष्टीचं नाव घरात काढायचं नाही असं ठरलंय, तिचं नाव एकदा तरी काढा. ऐकणारा चिडेल, चार शब्द बोलेल. बोलू द्या. त्या दहा दिवसांत त्या घराची किल्ली मुलीच्या पर्समध्येच होती, आणि शाळेत जाताना ती रोज आमच्या दारावरून जात होती.