बत्तीस लाल दिवे

तळमजला धरून चाळीला चार मजले, मजल्यावर आठ खोल्या. बत्तीस खोल्यांत इंटरनेटचे बत्तीस मोडेम, आणि बत्तीसही मोडेमवर लाल दिवा.

"केबलवर धुणं वाळत घालता तुम्ही लोक," कंपनीचा सुपरवायझर म्हणाला. "आत काचेची तार आहे. ओझ्याने वाकते, प्रकाश गळतो. उद्या लाइन काढून नेणार आम्ही."

चाळीतल्याच मालनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एम.एस्सी.ला ती याच तारांवर काम करत होती.

"साहेब, समोरच्या टॉवरमध्ये आलेला प्रकाश तुम्ही बत्तीस ठिकाणी वाटलात. त्यातला एक वाटा आमच्याकडे आणून पुन्हा बत्तीस घरांत वाटलात. उरणार काय, डोंबल?"

"मॅडम, पुस्तकातलं नका सांगू. आधी ते धुणं उचला."

संपात गिरणीतून बाहेर फेकले गेलेले तिचे बाबा, धोंडू, उंबऱ्यात उभे होते. "गिरण बंद पडली तेव्हा पण चूक आमचीच होती," ते म्हणाले. "मोज गो तू. ह्याच्यासमोर मोज."

मालनने कॉलेजातून आणलेला मीटर तारेच्या टोकाला लावला. मोडेमला उणे सत्तावीसपर्यंतचा प्रकाश पुरतो, त्याखाली लाल दिवा लागतो. मीटरवर आलेला आकडा तिने भिंतीवर खडूने लिहिला. मग चारी मजल्यांवरच्या चादरी, परकर, शेवंताकाकूंचं ओलं नऊवारी लुगडं तिने स्वतः ओढून काढलं, सुपरवायझरच्या हातात कोंबलं आणि पुन्हा मोजलं.

धुणं असताना उणे चौतीस. धुणं काढल्यावर उणे चौतीस.