वीतभर लांब बाही

मी लोकर बोलतेय. रंगाने डाळिंबी, अंगाने जराशी टोचरी आणि स्वभावाने फार भित्री. हसू नका. माझ्याइतके धक्के तुम्ही सोसले असते, तर तुम्हीही दाराची कडी वाजली तरी दचकला असता.

पहिला धक्का बसला तो मेंढीच्या पाठीवर. मी तिथे ऊन खात सुखाने वाढत होते. एका सकाळी एक माणूस आला, त्याने मेंढीला मांडीत आडवं घेतलं आणि कातर चालवली. मेंढी हलकी होऊन टुणटुण उड्या मारत निघून गेली. मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही तिने! मी जमिनीवर आ वासून पडले होते. मग धुणं झालं, पिंजणं झालं, पीळ घालून कातणं झालं. उकळत्या रंगात बुडवलं तेव्हा वाटलं, संपलं आता सगळं. बाहेर आले तर डाळिंबी झालेली. माझी मलाच ओळख पटेना.

दुकानाच्या फळीवरून मला एका बाईने उचललं. तिला सातवा महिना लागला होता. तिने मला गालाला लावलं आणि नवऱ्याला म्हणाली, "टोचते हो थोडी. पण रंग बघा ना!"

"तुला आवडलीय ना? मग टोचू दे," नवरा म्हणाला.

हेच माझे आई-बाबा. माझे म्हणजे पोटातल्या मुलीचे, पण मीही त्यांना तेच म्हणते. आई इस्पितळात नाव नोंदवायच्या खिडकीवर बसते. बाबा चष्म्याच्या दुकानात काचा घासून चौकटीत बसवतात. तेव्हा आईने माझा पहिला स्वेटर विणला. एवढासा, की चहाच्या किटलीला घातला असता तरी किटलीलाच घट्ट झाला असता. मुलगी जन्मली, तिने तो घातला, त्यावर दूध सांडलं, बटणं चोखली. मला वाटलं, आता जन्म सार्थकी लागला.

वर्ष सरलं. रस्त्यावरच्या झाडांची पानं पिवळी पडून गळायला लागली. आणि एका दुपारी आईने कात्री घेतली, शिवणी सोडवल्या, टोक शोधलं आणि ओढलं. सर्रर्र! पाठ गेली, पोट गेलं, बाह्या गेल्या. ओरडायला तोंड असतं तर मी गल्ली गोळा केली असती.

मग कळलं, ही या घरची रीतच होती. दर पानगळीला मुलीचा जुना स्वेटर उसवायचा, एक नवा रंग मिसळायचा आणि वाढत्या अंगाचा स्वेटर विणायचा. उसवताना बाबा स्टुलावर बसत, दोन्ही हात पुढे करून. आई त्या हातांवर मला गुंडाळत जाई. हात असे अडकले, की नेमकं बाबांचं नाक खाजायला लागे. दर वर्षी! मग मुलीला हाक जायची, "खारे, धाव!" खार हे तिचं लाडाचं नाव. शेंगदाणे गालात साठवून ठेवायची म्हणून. ती धावत येई आणि बाबांचं नाक खाजवून देई.

"डावीकडे. अजून वर. अगं, डोळ्यात बोट घालतेस की काय!"

"बाबा, तू हलू नकोस. आई, बघ ना, हा हलतोय!"

"दोघंही हलू नका. गुंता झाला तर रात्रीची भाजी तुम्ही करायची."

खिडकीतून तिरपं ऊन यायचं, चहा उकळत असायचा, आणि मी उसवली जात असूनही मला गुदगुल्या व्हायच्या. मुलीची उंची वाढायची थांबली, तरी रीत थांबली नाही. बावीस वर्षं मी अशी मरत आणि जन्मत आले. तुम्ही म्हणाल, मग सवय झाली असेल. धक्क्याची कसली सवय!

पण गेल्या वर्षी जे घडलं, त्याने माझ्या पायाखालची जमीनच सरकली. पाय नसले तरी सरकली.

खारीला दूरच्या गावी नोकरी लागली. थंड गाव. पानगळ सुरू होताहोताच, रविवारी दुपारच्या बसने तिला निघायचं होतं. आईने ठरवलं, यंदा स्वेटर आधीच विणून तयार ठेवायचा, आणि घरात कुणाला पत्ता लागू द्यायचा नाही. बाबांना तर मुळीच नाही, कारण बाबांच्या पोटात काही राहत नाही. म्हणून पानगळीला दोन महिने असतानाच तिने मला गुपचूप पिशवीत घालून इस्पितळात नेलं. जेवणाच्या सुट्टीत मला उसवताना, आमच्या घराच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या नर्सबाईंनी हात पुढे केले. त्यांच्या हातांना औषधाचा वास होता. नाक खाजलं नाही, कुणी हसलं नाही. दोन महिने रोज थोडी थोडी विणत आईने स्वेटर पुरा केला. छातीवर एक पिवळी पट्टी, नव्या लोकरीची. बुधवारी तिने मला घरी आणलं आणि कपाटात साड्यांखाली लपवलं.

गुरुवारी बाबांना सुट्टी होती. आई कामावर, खार मैत्रिणींचा निरोप घ्यायला गेलेली. बाबा खिडकीशी उभे राहून गळणारी पानं बघत होते. मग स्वतःशीच म्हणाले, "यंदा हिने मला उसवायला बोलावलंच नाही."

त्यांनी कपाट उघडलं. साड्या बाजूला केल्या. डाळिंबी रंग दिसताच त्यांचा चेहरा उजळला.

"हा काय इथेच आहे! विसरली बिचारी धावपळीत. आज मीच उसवून ठेवतो. आली की चकित होईल."

अहो बाबा, थांबा! मी जीव तोडून ओरडत होते. हा नवा आहे! पण लोकरीचं ओरडणं ऐकतं कोण?

त्यांनी दोन खुर्च्या पाठीला पाठ लावून ठेवल्या, म्हणजे आपल्या हातांची गरज नको. नाकावर चष्मा चढवला, बारीक कात्रीने शिवणी सोडवल्या. काचा बसवणारे हात ते, एक धागा चुकून तुटला नाही. पिवळ्या पट्टीशी येऊन क्षणभर थबकले. "ही कधीची?" मग मान हलवली. "असेल गेल्या वर्षीची." सर्रर्र! दोन महिन्यांचं काम दीड तासात खुर्च्यांच्या पाठींवर. हात मोकळे होते, तरी त्या दुपारी त्यांचं नाक एकदाही खाजलं नाही.

संध्याकाळी आई आली. टेबलावर माझे सात गुंडे एका ओळीत मांडलेले, शेजारी चहाचा कप झाकून ठेवलेला. बाबा दारातच उभे, शाळेत पहिला नंबर आल्यासारखे.

आईच्या हातातली पिशवी खाली पडली.

"झालीस ना चकित?" बाबा म्हणाले.

"अहो... हा... हा नवा होता."

"नवा म्हणजे?"

"नवा म्हणजे नवा! मी दोन महिने विणला, जेवणाच्या सुट्टीत, लपूनछपून. रविवारी पोरगी जायचीय!"

बाबांचा चेहरा असा झाला, की मला माझं दुःख विसरायला झालं. ते मटकन स्टुलावर बसले. खार त्याच वेळी घरात शिरली. तिने गुंड्यांकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं, आणि तिला सगळं कळलं. आधी तिने कपाळावर हात मारला, मग खो खो हसायला लागली, आणि हसताहसताच डोळे पुसायला लागली.

"जाऊ दे गं आई. तिकडे विकत घेईन एखादा."

'विकत' हा शब्द ऐकला आणि आईने पदर खोचला.

"विकतचा? गेल्या बावीस वर्षांत विकतचा घातलायस का कधी? अहो, बसलात काय? किटली ठेवा! लोकर कुरळी झालीय, वाफ द्यायला हवी. खारे, खाली जा आणि नर्सबाईंना सुया घेऊन बोलाव."

मग आमच्या घराचं कारखान्यात रूपांतर झालं. बाबा किटलीच्या वाफेवर मला धरून सरळ करत होते. आईने पाठ धरली, नर्सबाईंनी पुढची बाजू, खारीने उजवी बाही. शनिवारी दुपारी लक्षात आलं, की डावी बाही करायला माणूसच उरलेला नाही.

"मी करतो," बाबा म्हणाले.

"तुम्हाला काय येतं?" आईने मान वर न करता विचारलं.

"उसवायला येतं ना. आता उलटं करायचं, एवढंच."

नर्सबाई इतक्या हसल्या, की त्यांचे चार टाके सुटले. पण त्यांनीच खांद्याकडून टाके घालून दिले, साधा टाका शिकवला आणि म्हणाल्या, "भावजी, असंच खाली खाली विणत जा. बाकी मी बघते." तेवढ्यात त्यांना पाळीवर जावं लागलं.

बाबा विणत राहिले. जीभ दातांत धरून, मला डोळ्यांपुढे धरून, प्रत्येक टाका स्क्रूसारखा आवळून. मला श्वास घेता येईना, पण तक्रार कुणाकडे करणार? रविवारी सकाळीही नाश्ता बाजूला ठेवून ते विणत होते. खार बॅग भरत होती. मध्येच येऊन तिने विचारलं, "बाबा, नाक?" त्यांनी नुसती 'नाही' अशी मान हलवली.

अकरा वाजता आई शिवायला सुई-दोरा घेऊन आली. तिने डावी बाही उचलली. उचलली, उचलली, तरी ती संपेना.

"अहो, हे काय? कोपर गेलं, मनगट गेलं, बोटं गेली, वर वीतभर! थांबायचं नाही का?"

बाबा खाली बघत म्हणाले, "कसं थांबायचं ते कुणी सांगितलंच नाही मला."

बाहेर एक पान खिडकीच्या काचेला चिकटून बसलं होतं, सगळे त्याच्याकडेच बघत राहिले.

मग आईने त्यांच्या हातातून सुया हळूच घेतल्या, शेवटचे टाके बंद केले आणि भराभर शिवणी घातल्या. खारीने मला अंगात घातलं. डावा हात बाहीत दिसेनासा झाला.

"थांब, तेवढं उसवून देते," आई कात्री शोधत म्हणाली.

"नको!" बाप-लेक एकदम ओरडले. मी इतकी दचकले, की टाका न् टाका शहारला.

बाबांनी ती बाही तीनदा दुमडून दिली. खार तशीच बसमध्ये चढली.

वर्ष झालं. मी या थंड गावात, तिच्या खोलीत खुर्चीच्या पाठीवर असते. उजवी बाही विरळ होत चाललीय, डावी मात्र दगडासारखी घट्ट. तिच्या दुमडीत खार शेंगदाणे ठेवते, आणि कामावरून घरी चालत येताना एकेक काढून खाते. वाटेवरची पानं पुन्हा पिवळी पडलीत. पुढच्या आठवड्यात आम्ही घरी जाणार आहोत. पानगळ आणि आईची कात्री! आठवड्याभरापासून माझा जीव टांगणीला लागला होता.

काल घरून फोन आला. खारीने फोन कानाला लावला आणि माझी डावी बाही मुठीत धरली.

"आई, यंदा नवी लोकर आण. लड्याच आण, म्हणजे बाबांच्या हातांवर घालता येतील. मी येतेय नाक खाजवायला. पण हा स्वेटर उसवायचा नाही."

उसवायचा नाही! बावीस वर्षं उसवली गेले, तेव्हाही एवढा धक्का बसला नव्हता. मी नीट ऐकलं ना?

पलीकडून आई काही म्हणाली असावी, कारण खार हसली. "हो गं, बाही लांबच आहे. असू दे. बाबाला अजून थांबायला शिकवू नकोस."

तर मंडळी, एवढंच मागणं आहे. तुमच्या घरी कपाटात एखादा जुना स्वेटर असेल आणि हात शिवशिवत असतील, तर कात्री उचलण्याआधी घरातल्या माणसांना एकदा विचारा. आणि कुणाचं नाक खाजत असेल, तर आधी ते बघा.