हिराबाईंनी घेतलेलं नाव

कुसगावच्या गारठ्यातसुद्धा दुकानात बसलेल्या कैलासच्या मानेवरनं घामाचे ओघळ चालले होते. व्हीसीआरवर लाल दिवा लागला होता. लाल दिवा म्हणजे मशीन कॅसेट दाखवत नव्हतं, कॅसेटवर नवीन काहीतरी भरत होतं. आणि नवीन भरतंय म्हणजे जुनं पुसतंय.

त्यानं झडप घालून बटण दाबलं. दिवा विझला. पण किती पुसलं ते बघायची छाती होईना.

कॅसेट परंदवडीच्या हौशीराम आबांची, त्यांच्या पोरीच्या लग्नाची. आबांची बायको हिराबाई. जन्मभर तिनं नवऱ्याचं नाव तोंडातनं काढलं नाही. "आवं" आणि "स्नेहलचं बाबा", एवढ्यावर संसार ओढला. फक्त पोरीच्या हळदीला बायकांनी गराडा घातला, तेव्हा तिनं एकदाचा उखाणा घेतला. आबा नेमके तेव्हा आचाऱ्यापाशी चुलवणाला लाकडं लावत होते. औंदा हिराबाई गेली, आणि आबा पेटीतली कॅसेट घेऊन आले. "सीडी करून दे. एकदा ऐकू दे मला."

कॅसेटला बुरशी धरलेली. ती कैलासनं जीव लावून पुसली. मग हळद कुठं आहे ते शोधलं, बायका हिराबाईला पुढं ओढताहेत तिथं थांबवलं. आता कॉम्प्युटरवर माऊसनं रेकॉर्ड द्यायचं होतं. पण लग्नाच्या शूटिंगच्या धंद्यात एका व्हीसीआरवरनं दुसऱ्यावर कॉपी मारून मारून हात मेला आडमुठा झालेला. गेला सरळ व्हीसीआरच्या लाल बटणावर. एरवी काही बिघडलं नसतं. लग्नाच्या कॅसेटचं मागचं प्लास्टिकचं नख मोडून ठेवतात, मग तिच्यावर काही भरताच येत नाही. इथं कुणीतरी त्या खाचेवर चिकटपट्टी मारून ठेवलेली. क्रिकेटची मॅच भरायला असणार.

"झालं का रं?" दारात आबा.

कैलास म्हणजे गावातला नकल्या, थापाड्या. बाईच्या आवाजात फोन करून त्यानं अख्ख्या ग्रामपंचायतीला पळवलं होतं. एक क्षण तेही मनात आलं, हिराबाईचा आवाज काढून मधे भरावा. पण आबांनी तो लगेच ओळखला असता. त्या आवाजाशेजारी म्हातारा उभा जन्म झोपला होता.

"आबा, घोळ झालाय. माझ्या हातनं पुसलं गेलं."

आबा हसले. "मागं मला म्हनलास, तुमची म्हस हायवेवर टोल भरतीया. उर्श्याच्या टोलनाक्यापतूर पळत गेलतो मी."

"आबा, शपथ."

"तवाबी घेतलीवतीस. लाव."

कैलासनं लावलं. हळदीनं माखलेल्या बायका. "घ्या की मावशी, लाजताय काय." हिराबाईनं पदर सारखा केला, श्वास घेतला, तोंड उघडलं.

आणि पडदा निळा. आवाज नाही, काही नाही.

आबा अजून गालात हसत होते. निळं हटेना. कैलासला त्या हसण्याकडं बघवेना. ते विझायचा आवाज येईल की काय, असं त्याला वाटलं.

मग चित्र परत आलं. बायका टाळ्या पिटत होत्या. हिराबाईनं पदरात तोंड लपवलं होतं.

"मागं घे," आबा म्हणाले.

घेतलं. पुन्हा निळं.

"अजून मागं."

"तितं काय न्हाई राह्यलं, आबा."

आबांचा हात उठला. एक कानाखाली बसली असती तर बरं झालं असतं. पण त्या हातानं आबांनी स्टूल पडद्याजवळ ओढलं.

"सीडीत ह्ये निळं कापनार व्हय तू?"

"कापतो की. जोडसुदीक दिसायचा न्हाई."

"कापू नगंस. तेवढ्यात तिनं घेतलंय माझं नाव. जेवढा येळ घेतलं, तेवढं ऱ्हाऊ दे." आबा डोळे मिटून बसले. "लाव परत."

कैलासनं बटण कोणतं ते निरखून बघितलं. परत बघितलं. तरी बोट पुढं होईना.