सुईनं टोचलेले हरभरे

"ओल्या पोत्यात शंभर दाणे गुंडाळलेत," बाबा फोनवर म्हणाले. "चार दिवसांनी मोजायला येतेस? मला आता कोंब नीट दिसत नाहीत."

"नाही हो बाबा, खूप कामं आहेत."

"बरं. चष्मा पुसून बघतो."

तो शेवटचा साधा दिवस. बी पेरण्याजोगं आहे की नाही, हे सगळं गाव बाबांच्या पोत्यावरून ठरवायचं. दुसऱ्या दिवशी नदी गावात शिरली. बियाणं माळ्यावर चढवताना बाबांच्या अंगावर भिंत पडली; ते त्यातच गेले.

पूर ओसरल्यावर मी गावी येऊन एकटीच घरातला चिखल उपसत होते. गाव मात्र पुरामागोमाग आलेल्या एका महाराजांच्या मांडवात होतं. पुरात भिजून मेलेलं बी महाराज म्हणे जिवंत करत. शिष्य दाणे मोजून मडक्यात टाकी, वर लाल फडकं, आणि तिसऱ्या दिवशी कोंब!

"जमीन रुसलीय, लेकरांनो! परक्याचं बी तिला चालायचं नाही!" असं म्हणून महाराज पैसे घेऊन पोत्यामागे बियात मिसळायची एक भारलेली पुडी देत.

शाळेसमोर मदतीच्या बियाण्याची गाडी उभी होती. तिकडे कुणी फिरकेना. मेलेलं बी पेरलं असतं, तर हाही हंगाम हातचा गेला असता.

"तूही ने गं दाणे," शेजारच्या मावशी म्हणाल्या. "पुस्तकं वाचून शेत उगवत नाही."

मी वीस हरभरे नेले.

तिसऱ्या दिवशी फडकं सरकलं. विसाच्या विसांना कोंब. टाळ्या.

"महाराज, मी ते उकळून आणले होते."

महाराज हसले. "बघा! उकळलेलंही उगवलं!"

टाळ्या दुप्पट झाल्या.

"आणि मऊ झाल्यावर प्रत्येकाला सुईनं आरपार भोक पाडलं होतं. मावशी, यात एक तरी भोक दाखवा."

मावशींनी एक दाणा उजेडात धरला, मग दुसरा, तिसरा. मग त्यांनी सरळ मडकंच उपडं केलं. आत मधोमध आडभिंत होती. एका बाजूला आपले दाणे पडायचे, दुसऱ्या बाजूला तितकंच चांगलं बी ओलं करून ठेवलेलं असायचं. फडकं तेवढ्याच बाजूवरून सरकायचं. माझे वीस हरभरे भोकांसकट मातीत घरंगळले.

"अहो महाराज," मावशी म्हणाल्या, "हे काय रुसून पलीकडे बसले होते?"

महाराजांना एकाएकी दुसऱ्या गावाची आठवण झाली.

"गाडीतलं बीही माझ्या शब्दावर पेरू नका," मी म्हणाले. "शंभर दाणे, ओलं पोतं, चार दिवस. झाकून दाखवतात त्याला हात जोडू नका. उघड्यावर मोजता येतं ते स्वतः मोजा."

गाडीतल्या बियाण्याचे शंभर दाणे बाबांच्या पोत्यात गुंडाळले होते; चौथ्या दिवशी मावशींनी ते आमच्या ओट्यावर उलगडलं. "तूच मोज. आमचे डोळे गेले आता."

मी मोजले. ब्याण्णव.

माणसं पेरायला गेली. ओटा रिकामा झाला. ओलं पोतं तेवढं मांडीवर राहिलं.

"ब्याण्णव, बाबा," मी मोठ्यानं म्हणाले. "आणि त्या दिवशी मला काहीच काम नव्हतं."