झऱ्यावरचा फोटो

तुफूलने गुडघ्यावर बसून कॅमेऱ्याचं झाकण उघडलं आणि आतलं कार्ड नखाने बाहेर काढलं. नववं आणि शेवटचं. जंगली अंजिराच्या बुंध्याला पट्ट्याने आवळलेला तो हिरवा डबा चार महिने धुक्यात भिजला होता. कडेने शेवाळ धरलं होतं, पण आतला लाल दिवा अजून लुकलुकत होता.

“आहे ना जिवंत?” मागून बखीतने विचारलं.

“आहे, काका.”

“मग लाव लवकर. माझा जीव टांगणीला लावू नकोस.”

“तासाभरापूर्वी तुम्हीच म्हणत होतात, काही मिळायचं नाही, उगाच पाय मोडून घेतोय म्हणून.”

“ते तासाभरापूर्वी.”

बखीत हा तिच्या वडिलांचा चुलतभाऊ आणि या डोंगराचा वनरक्षक. वय एकोणसाठ. हंदोर दरीत बिबट्या आहे, हे तो सहा वर्षं सांगत होता, आणि सहा वर्षं सलाला शहरातल्या वनखात्याच्या ऑफिसातली पोरं त्याची टर उडवत होती. कुणाची चप्पल हरवली तरी म्हणायची, बखीतच्या बिबट्याने नेली असेल. शेवटी साहेबांनी कंटाळून नऊ कॅमेरे दिले आणि मुदतही दिली. फोटो मिळाला तर दरीवर नजर ठेवू, नाही मिळाला तर गुरुवारी कॅमेरे उचलून पश्चिमेच्या डोंगरात. आज सोमवार होता. पुढच्या रमजानआधी बखीत निवृत्त व्हायचा होता, त्यामुळे पुन्हा कधीतरी बघू, असं म्हणायचीही सोय नव्हती.

आठ कार्डं सकाळपासून बघून झाली होती. कोल्हे, तरस, साळिंदर, एक भलामोठा रानबोका. चौथ्या कॅमेऱ्यावर तर अकराशे फोटो एकाच उंटिणीच्या जिभेचे निघाले. बखीत घरच्या उंटांना सुकी तारली मासळी खाऊ घालतो आणि त्याच हातांनी कॅमेरा बांधतो. तो वास तिला आवडला आणि तिने कॅमेरा दोन दिवस मनसोक्त चाटला. तुफूल हसून हसून खाली बसली होती. बखीतला हसू आलं नव्हतं.

नववा कॅमेरा मात्र त्याच्या खास भरवशाचा होता. बिबट्या पाण्याला इथेच येत असणार, असं त्याचं पहिल्यापासून म्हणणं होतं. अडचण एकच, हा झरा बायकांचा होता. शेळ्या पाजायला, पाणी भरायला बायका इथे येतात आणि पुरुष वरच्या वाटेने जातात. तिथे फोटो काढणारा डबा टांगायचा म्हणजे कुणीही चवताळलं असतं. उन्हाळ्यात बखीत सात बायकांसमोर उभा राहिला होता आणि त्याने शब्द दिला होता, की कार्ड आधी तुफूल बघेल, ज्या फोटोत बाई असेल तो ती तिथल्या तिथे पुसेल, आणि कुठल्याही पुरुषाची त्यावर नजर पडणार नाही, त्याची स्वतःचीही नाही. तुफूलला नोकरी लागली तीच मुळी या कामासाठी.

म्हणून तिने टॅबमध्ये कार्ड सरकवलं, तसा बखीत मुकाट्याने उठला आणि झऱ्याकडे पाठ करून दरीकडे तोंड करून बसला.

“सांगत राहा,” तो म्हणाला.

“शेळ्या. शेळ्या. परत शेळ्या. बाई, पुसला. बाई, पुसला. कोल्हा.”

“कोल्ह्याचं मला काय करायचंय?”

“शेळी. एक शेळी कॅमेऱ्यात तोंड घालून बघतेय. बाई, पुसला. शेळ्या.”

मग ती बोलायची थांबली.

फोटो सकाळी सहा बेचाळीसचा होता. सगळीकडे दुधाळ धुकं. दगडी कुंडीच्या काठावर दोन पुढचे पंजे टेकवून, मान वर करून एक बिबट्याची मादी उभी होती. फिकट अंग, त्यावरचे ठिपके एकेक मोजता यावेत इतके स्पष्ट, ओठावरून पाणी गळत होतं. तिने आजवर हे जनावर फक्त ऑफिसातल्या पोस्टरवर बघितलं होतं.

“काय झालं? तुफूल?”

“काका, बिबट्या.”

बखीत ताडकन उठला, गर्रकन वळला आणि अर्ध्यावरच त्याने दोन्ही तळवे डोळ्यांवर दाबले. पाय गारगोट्यांवर घसरला, तो पडता पडता वाचला.

“खरंच? माझी शपथ घे.”

“शपथ, काका. समोर उभा आहे. उभी आहे. मादी आहे.”

“मादी,” तो म्हणाला. डोळ्यांवरचे हात तसेच होते. “मी म्हटलं नव्हतं? सहा वर्षं म्हणतोय. आता बोला म्हणावं त्या पोरांना. दाखव इकडे.”

तुफूलने टॅब त्याच्यापासून वळवून धरला. फोटोच्या उजव्या अंगाला, बिबट्यापासून सात पावलांवर, हातात पाण्याचा डबा घेऊन एक वाकलेली म्हातारी उभी होती. ती बिबट्याकडे बघत होती. पळत नव्हती, दगड उचलत नव्हती. समोर काही हललं की कॅमेरा एका दमात तीन फोटो घ्यायचा. तिन्हींत बिबट्याची शेपटी वेगवेगळ्या जागी होती, म्हातारी तसूभरही हललेली नव्हती. पुढे सगळ्या शेळ्याच शेळ्या. बिबट्याचे फोटो ते तीनच, आणि तिन्हींत दोघी होत्या.

“बाई आहे?” बखीतने विचारलं. त्याचा आवाज एकदम खाली आला होता.

“आहे.”

“तिन्हीत?”

“तिन्हीत. काका, मी तेवढा भाग कापते ना. नुसता बिबट्या राहील.”

“कापलेला फोटो ऑफिस घेत नाही. म्हणतील, सर्कशीतला चिकटवलाय.” तो पुन्हा पाठ करून खाली बसला. “आणि मी कापेन असं म्हटलं नव्हतं. पुसेन म्हटलं होतं.”

“आधी तिला विचारते तरी.”

ती कोण, हे त्याने विचारलं नाही. इतक्या सकाळी या झऱ्यावर येणारी बाई एकच होती. बखीतची थोरली बहीण, मुबारका.

ती वरून शेळ्या घेऊन उतरतच होती. त्रेसष्ट वर्षांची, कंबरेत वाकलेली, काळा झगा वर खोचलेला, तोंडाने शेळ्यांना शिव्यांची लाखोली. दरीत बिबट्या नाही, असं सगळ्यांत ठासून हीच सांगायची. भावाचं डोकं फिरलंय, असंही सांगायची. तुफूलने तिला अंजिराखाली बसवलं आणि टॅब तिच्यापुढे धरला. बखीत वीस पावलांवर पाठमोरा बसला होता.

मुबारकाने आधी स्वतःलाच बघितलं.

“अगं बाई. एवढी वाकले मी?”

“आत्या, बिबट्या बघा ना.”

“तिला रोज बघते मी. स्वतःला कुठे दिसते?” ती टॅब लांब धरून, मग जवळ धरून बघत राहिली. मग तिचा अंगठा हळूच बिबट्याच्या पोटावर गेला आणि तिथेच थांबला.

“आत्या, हा फोटो दाखवायची परवानगी द्या. एवढा एकच पुरावा आहे. नाहीतर गुरुवारी सगळं गुंडाळतील. काकांनी सहा वर्षं चेष्टा सोसलीय.”

“त्याने सोसली होय?” मुबारकाने आवाज चढवला, वीस पावलांवर नीट ऐकू जाईल इतका. “मी वीस वर्षांची होते. पठारावरच्या गुहेपाशी मला बिबट्याची मादी दिसली. आनंदाने धावत घरी आले आणि पहिल्यांदा कुणाला सांगितलं? माझ्या लाडक्या भावाला. सोळा वर्षांचा शूरवीर. दुसऱ्या दिवशी बापाची बंदूक घेऊन गेला आणि कातडं खांद्यावर टाकून आला. गावाने खांद्यावर घेऊन नाचवलं त्याला.” ती थांबली. “तिची पिल्लं होती गुहेत. तीन दिवस ओरडत होती. मी शेळीचं दूध घेऊन गेले, तर आत शिरताच येईना. चौथ्या दिवशी आवाज बंद झाला. त्या दिवसापासून मी याला काही सांगत नाही.”

शेळ्या कुंडीपाशी ढुशा देत होत्या. बखीतची पाठ हलली नाही.

पाठमोराच तो म्हणाला, “पिल्लांचं मला माहीत नव्हतं.”

“तू विचारलंस कधी?”

“नाही.”

त्याने डोक्यावरचा रुमाल काढला, मांडीवर ठेवला, उगाचच घडी घातली.

“तुफूल, पूस तो.”

“काका, आत्यांनी अजून नाही म्हटलेलं नाही. एकदा तुम्ही—”

“ती हो म्हणेल, म्हणून मी शब्द दिला नव्हता. पूस. तिन्ही.”

“निदान एकदा बघा तरी. आत्या, त्यांना एकदा बघू द्या.”

मुबारकाने टॅब पोरीच्या हातात दिला. ती फोटोकडे बघत नव्हती, त्या पाठीकडे बघत होती.

“मी मागत नाहीये,” बखीत म्हणाला. “आहे ना ती? तू बघितलीस ना? झालं तर मग.”

तुफूलने पहिला फोटो पुसला, मग दुसरा. तिसऱ्याला बोट अडलं. कुंडीच्या काठावरचे ते पंजे तिने एकदा डोळे भरून पाहून घेतले आणि बटण दाबलं. तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि त्याची तिला लाजही वाटली नाही. त्याच्या जागी शेळ्यांचा फोटो आला.

“पुसले,” ती म्हणाली.

“बरं.” बखीतने रुमाल पुन्हा डोक्याला गुंडाळला, पण त्याचं टोक नीट खोचता येईना. “चल, कॅमेरा सोड झाडाचा. अंधार पडायच्या आत बाकीचेही गोळा करू.”

तुफूलने कार्ड परत कॅमेऱ्यात सरकवलं आणि पट्ट्याची कडी उघडली. मुबारका बुंध्याला हात टेकून उठली, गुडघे कडकड वाजले तशी कण्हली आणि तिने तुफूलच्या हातातून कॅमेरा काढून घेतला. उलटासुलटा करून पाहिला.

“याची पोटापाण्याची सोय आहे का अजून?”

“बॅटरी? आहे, आत्या. आठवडाभर सहज चालेल.”

“इथे टांगून काही उपयोग नाही. धुकं गेलं, तशी तिने वाट बदलली.” तिने कॅमेरा झग्याच्या खोळीत टाकला. “पोरी, शेळ्या सांभाळ. ती पांढरी लबाड आहे, तिच्यावर डोळा ठेव.” मग भावाकडे न बघता म्हणाली, “आणि तू तिथे काय दगडासारखा बसलायस? चप्पल काढ. वरच्या कड्यावर चपलेने पाय ठरत नाही.”

“वळू का?” बखीतने विचारलं.

“नाहीतर काय उलटा चढणार आहेस?”

तो वळला. त्याचे डोळे लालबुंद होते. बहिणीने ते पाहिलं आणि चढायला सुरुवात केली. ती झपाझप पुढे, तो अनवाणी मागे, दोघांमध्ये सहा-सात पावलांचं अंतर. खाली पांढरी शेळी अंजिराचा पाला ओरबाडायला लागली तरी तुफूलचं लक्ष वरून हटेना.

कड्याच्या वळणावर मुबारका थोडी हळू झाली.

“ती एकटी नाही आता,” मागे न बघता ती म्हणाली.

बखीत जागीच थांबला. दरीत आवाज लांबवर जातो, म्हणून तो अगदी दबक्या आवाजात बोलला, तरी तुफूलला खाली ऐकू आलं.

“किती आहेत?”

म्हातारी थांबली नाही. चालता चालता तिने हात वर केला आणि दोन बोटं दाखवली.