अहो, या ना वर

भिमाजीनं तिसऱ्यांदा जाळं वर ओढलं. आत दोन बेडूक, एक फाटकी चप्पल आणि गाळ.

"मावशी, चिलापी लय हुशार जात. माणसाची सावली पडली की गेली तळाला."

"माशाला नावं ठेवू नको. तुला जाळं टाकता येत नाय ते बोल," कठड्यावरून गोजराबाई म्हणाली.

मखमलाबादची ही विहीर आज बुजायची होती. शेवंतीच्या फुलांच्या वावरात इमारत येणार होती, आणि गोजराबाईनं मुलाच्या फ्लॅटात राहायला जायचं होतं. तिनं एकच अट घातली होती : आधी मासे काढा. मुलानं, संतोषनं, धरणावरून भिमाजी कोळ्याला आणला खरा, पण जेसीबीवाला सकाळपासून ताटकळला होता.

"आई, बारापर्यंत बघतो. मग माती पडणार. मासेच तर हायेत."

मासे कशानं वर येतात ते गोजराबाईला पक्कं ठाऊक होतं. पण ते चारचौघांत करायचं नव्हतं.

नऊ वर्षांपूर्वी तिच्या नवऱ्यानं, पुंजारामनं, धरणातून हे चार मासे हंड्यात घालून आणले होते. म्हणे, डास कमी होतात. घर माळकरी, खायचा प्रश्नच नव्हता. चाराचे शेकडो झाले. मग पुंजाराम गेला, आणि तेव्हापासून रोज सकाळी ती शिळी भाकरी घेऊन पायऱ्या उतरायची आणि तोंड सोडायची. तिच्या शिव्या ऐकल्या की माशांनी पाणी काळं व्हायचं. माणसं मात्र त्याच तोंडापायी दुरावली होती. जावा फिरकत नव्हत्या, सून कामापुरतं बोलायची.

बघून बघून तिला त्यांचा सगळा संसार पाठ झाला होता. मादी अंडी तोंडात धरते, पिल्लं फुटली तरी तोंडातच सांभाळते, तेवढे दिवस घास घेत नाही. आणि नर? काळाकुट्ट होऊन बुडालेल्या पायरीवरच्या गाळात गोल खड्डा खोदतो आणि जवळ येईल त्याच्या अंगावर धावतो. काम काडीचं नाही, रुबाब मात्र सरपंचाचा. पहिल्या चारांतला एक थोराड नर अजून होता. त्याला तिनं कधी शिवी दिली नव्हती.

पावणेबाराला जेसीबी घरघरला. गोजराबाईनं पदर खोचला, भाकरी घेतली आणि पायऱ्या उतरली.

"भिमाजी, जाळं पाण्यात पसरून ठेव. मी सांगितल्याबिगर हात लावू नको. आन त्या धुडाला गप कर म्हणावं."

इंजिन थांबलं. तिनं भाकरी कुस्करली.

"या रे मेल्यांनो! या, गिळायला या! बापानं पेंड ठेवलीय का तुमच्या?"

पाणी हललं, मग खदखदलं. पाठीला पाठ घासत मासे वर आले.

"आयला!" भिमाजी म्हणाला. चार खेपांत त्याची पिंपं भरली.

"झालं ना, आई?" वरून संतोष.

"नाय."

तिनं वर उभ्या माणसांकडे पाठ केली. हातात शेवटचा तुकडा होता.

"अहो," ती हलकेच म्हणाली. पण विहिरीत हळू बोललेलंही घुमतं. "अहो, या ना वर. किती वाट बघायची माणसानं?"

जेसीबीवाला फिसकन हसला. संतोषनं त्याच्या दंडावर हात ठेवला.

बराच वेळ काहीच नाही. मग खालून एक काळी पाठ सावकाश वर आली, घाई नसल्यासारखी. त्यानं तिच्या बोटांतून घास घेतला. भिमाजीनं अलगद जाळं उचललं.

"हा फ्लॅटात नेता का, मावशी? काचेच्या पेटीत राहील."

"तिथं खड्डा कुठं खोदंल तो?"

"मग सोडतो बाकीच्यांसंगं माझ्या तळ्यात. बाहेरच्या मुलखातून आलेली जात ही. कुठंबी टाका, जगते."

"जगतंय सगळंच," गोजराबाई म्हणाली. "विचारतंय कोण?"

पिंपं टेम्पोत चढली. टेम्पो वळणाआड गेला आणि मागे मातीचा पहिला ढिगारा पाण्यात कोसळला. तिनं वळून पाहिलं नाही. ताठ मानेनं चालत जाऊन गाडीत बसली.

रामवाडी पुलावर संतोषनं तिच्याकडे पाहिलं. ओल्या तळहाताला भाकरीचा चुरा चिकटला होता. त्यानं रुमाल पुढे केला.

"राहू दे," ती म्हणाली आणि मूठ मिटली.